मुका कुकर: शिट्ट्या मोजणाऱ्यांसाठी

आपल्याकडे 'कुकर लावला' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. तळाला पाणी, खाली वरणाचा डबा, वर भाताचा, जागा उरली तर कडेला दोन बटाटे, झाकण, शिट्टी, आणि मग बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारायचं की किती झाल्या. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरी आला की हे विचारणंच बंद पडतं आणि सगळी पंचाईत तिथे सुरू होते, कारण तो शिट्टी देतच नाही, नुसता बसून राहतो.

मी पुण्यात कर्वेनगरला राहतो, बायको हिंजवडीला जाते म्हणजे आठला घराबाहेर, माझं काम घरूनच, त्यामुळे स्वयंपाक बराचसा माझ्याकडे आलाय. आई आमच्याकडेच असते. तिचा या यंत्राला सुरुवातीला सक्त विरोध होता, पहिले पंधरा दिवस तिने त्याला हातही लावला नाही, आणि आता सकाळी तीच म्हणते, तुझा तो मुका कुकर लाव. तर ज्यांनी नवीन घेतलाय किंवा ज्यांच्याकडे लग्नात आलेला अजून खोक्यातच आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय, रोजच्या जेवणापुरतं. केक वगैरे मी त्यात करत नाही, विचारू पण नका.

घेताना

दोघंच असाल तर ३ लिटरचा पुरतो हे खरंय पण त्यात एकावर एक दोन डबे नीट बसत नाहीत, आणि डबे बसत नसतील तर मराठी घरात त्याचा निम्मा उपयोग गेला. म्हणून एकटा माणूस, पीजीत राहणारी पोरं, यांनी ३ लिटर घ्यावा, बाकीच्यांनी सरळ ६ च्या आसपासचा. आतलं भांडं स्टीलचं घ्या, नॉनस्टिकवाल्यात आपला स्टीलचा डाव फिरला की वर्षभरात कोटिंग निघतं आणि आपण लाकडी डाव वापरणार वापरणार म्हणतो पण वापरत नाही.

आता पुण्यातल्या घरोघरच्या गोष्टीबद्दल. मुलगा किंवा भाचा अमेरिकेत, तो सुट्टीवर येताना बॅगेतून इन्स्टंट पॉट घेऊन येतो. तो कुकर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालू केलात तर दोन मिनिटांत धूर, कारण व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की हीटर जवळपास चौपट ताकदीने तापायला बघतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही १००० वॅटच्या वरचा, तो असतो विटेएवढा जड आणि ओट्यावर ठेवायला जागा नसते. भाच्याला सांगा चॉकलेटं आण, कुकर इथेच मिळतो.

६ लिटरचा कुकर साधारण १००० वॅट घेतो, म्हणजे चार-साडेचार अँपियर. नवीन फ्लॅटमध्ये काही प्रश्न नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत जिथे प्लग सैल झालेत तिथे मात्र स्वयंपाकघरातला जाड पिनचा पॉइंट वापरा, एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर, ओव्हन आणि हा एकत्र नको. बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी, हीटर पूर्ण ताकदीने फक्त प्रेशर येईपर्यंत चालतो, दहा-बारा मिनिटं, नंतर मधून मधून. वरण-भाताला पाव ते एक तृतीयांश युनिट धरा.

पहिल्या दिवशी फक्त पाणी

खोक्यातून काढल्यावर थेट डाळ घालू नका. आधी पाण्याची चाचणी करा, त्यात सगळे भाग ओळखीचे होतात.

आतलं भांडं धुऊन बाहेरून कोरडं पुसा आणि कुकरमध्ये ठेवा. ठेवलंय ना ते परत बघा. हसू नका, माझ्या साडूंनी भांडं न ठेवताच तीन कप पाणी थेट हीटरवर ओतलंय, कुकर उलटा करून तीन दिवस वाळवला तेव्हा कुठे चालू करायची हिंमत झाली (आणि चालला, पण नशीब म्हणायचं). मग भांड्यात तीन कप पाणी. झाकणाच्या आत सिलिकॉनची रिंग असते ती सगळीकडून बसलीय का बोटाने फिरवून बघा. झाकण लावा, वरची वाफेची कळ बंद म्हणजे सीलिंगच्या बाजूला फिरवा. बटण 'प्रेशर कुक' किंवा 'मॅन्युअल', हाय, ५ मिनिटं.

आता बघत बसा. आधी स्क्रीनवर नुसतं ऑन दिसतं. थोड्या वेळाने झाकणावरच्या छोट्या पिनमधून वाफ फुसफुसते, ती फुसफुसली की लोक घाबरून बंद करतात, करू नका, तेवढी वाफ निघणारच. मग ती पिन टक करून वर उचलली जाते आणि सगळं शांत होतं. त्यानंतर जरा वेळाने ५ मिनिटांची उलटी मोजणी सुरू होते. पिन वर म्हणजे आत प्रेशर आहे, पिन खाली म्हणजे नाही. या कुकरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग ती पिनच. ती वर असताना झाकण उघडत नाही आणि जोर लावून उघडायचंही नाही.

वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी पिन वर येत नाही आणि वाफ निघतच राहते असं झालं तर निम्म्या वेळा रिंग नीट बसलेली नसते आणि उरलेल्या निम्म्या वेळा कळ उघडी राहिलेली असते. मशीन खराब आहे म्हणून दुकानात फोन करायच्या आधी हे दोन बघा.

मोजणी संपली की दोन रस्ते. एक, काही न करता सोडून द्यायचा, कुकर आपोआप पडतो, पिन खाली येते. दुसरा, कळ फिरवून वाफ सोडून द्यायची. पहिल्याला मी 'पडू देणे' म्हणतो आणि दुसऱ्याला 'सोडणे', आई पण आता तसंच म्हणते. पाण्याच्या चाचणीत सोडून बघा. पण आधी वर बघा, वरती प्लायवूडचं कपाट आहे का, असेल तर कुकर ओट्याच्या पुढे ओढा नाहीतर सहा महिन्यांत सनमायका सुटायला लागतो. हात लांब ठेवा, डावाच्या दांड्याने कळ ढकला, वाफेवर फडकं टाकू नका.

शिट्टीचं काय

हा भाग नीट वाचा, पुढचं सगळं यावर आहे.

गॅसवरच्या कुकरमध्ये प्रेशर ठरावीक मर्यादेला गेलं की शिट्टी उचलली जाते आणि जास्तीची वाफ निघून जाते. म्हणजे शिट्टी झाली याचा अर्थ आत पुरेसं प्रेशर आलं, एवढाच. तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं हे गॅस केवढा आहे, कुकर केवढा आहे, रिंग किती जुनी आहे यावर ठरतं, त्यामुळे तुमच्या तीन आणि शेजारच्या काकूंच्या तीन यांत चार मिनिटांचा फरक असू शकतो. इलेक्ट्रिक कुकर प्रेशर बघून हीटर बंद-चालू करतो, वाफ बाहेर जाऊच देत नाही, म्हणून शिट्टी नाही. 'चार शिट्ट्या म्हणजे इलेक्ट्रिकमध्ये किती' याचं कोष्टक मागू नका, ज्यांनी तुम्हाला ते पाठवलंय त्यांनी मनानेच बनवलंय.

त्याऐवजी हे धरा. गॅसवर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून जितकी मिनिटं ठेवायचात त्यात पाव भाग वाढवा. छोले बारीक गॅसवर वीस मिनिटं ठेवत असाल तर इथे पंचवीस. वाढवायचं कारण असं की आपला शिट्टीचा कुकर साधारण १५ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) प्रेशरला चालतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, इलेक्ट्रिकवाले बहुतेक ११-१२ पीएसआयच्या आसपास, तापमान ११५-११७ वगैरे. उघड्या पातेल्यात पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत ना, म्हणून कुकरशिवाय डाळीला इतका वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. स्क्रीनवर १० मिनिटं लावली म्हणजे जेवण दहा मिनिटांत, असं नाही. प्रेशर यायला बारा मिनिटं, शिजायला दहा, पडायला दहा-बारा, झाली पस्तीस. गॅसवर वरण-भात याच्या आधी होतो, मी मान्य करतो, जाहिरातीत काहीही म्हणोत. फायदा वेगळा आहे, त्या पस्तीस मिनिटांत तुम्ही तिथे नसता. मी कुकर लावून ऑफिसची मीटिंग करतो, आई मंडईत जाऊन येते, डाळ करपत नाही आणि गॅस बंद केला का म्हणून कोणी अर्ध्या रस्त्यातून परत येत नाही.

आणि तिसरी, पाणी. वाफ जात नाही म्हणजे पाणी उडत नाही. गॅसच्या मापाने पाणी घातलंत की भाताचा गिचका आणि रस्सा पाणचट. मात्र तळाला किमान एक-दीड कप पाणी किंवा पातळ रस्सा हवाच, नाहीतर वाफ कशाची होणार. वरची मर्यादा, भांडं दोन तृतीयांश, आणि डाळ तांदूळ कडधान्य फेसाळणारं काही असेल तर निम्म्याच्या वर नाही.

बटणांचं पण सांगून टाकतो. चौदा-सोळा असतील, लागतात तीन: प्रेशर कुक, सॉटे म्हणजे परतायचं, आणि कॅन्सल. राइस, बीन, सूप ही बटणं कोणाच्या तरी वेगळ्या तांदळासाठी बनवलेली आहेत, आपल्या आंबेमोहोराला ती ओळखत नाहीत.

वरण-भात, म्हणजे खरा कुकर लावणे

आधी डबे. जुन्या कुकरचे डबे बसतात का बघा, ६ लिटरच्या भांड्यात १८-१९ सेंटिमीटर व्यासाचा डबा आरामात जातो. नसतील तर तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळतील पण जाताना आतल्या भांड्याचा व्यास टेपने मोजून न्या, अंदाजाने आणलेला डबा हमखास अर्ध्या सेंटिमीटरने मोठा निघतो आणि दुकानदार बदलून देताना जे बोलतो ते ऐकावं लागतं.

चार माणसांचं माप सांगतो. वाटी घरातली कुठलीही घ्या पण डाळ, तांदूळ, पाणी सगळ्याला तीच. कुकरबरोबर येणारा कप आपल्या वाटीएवढा नसतो, तो आणि वाटी मिसळली की गणित गेलं.

पाऊण वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजवा. सकाळी घाई असेल तर दात घासायच्या आधी भिजत घाला, आपोआप होतं. ते पाणी ओतून डब्यात दोन वाट्या ताजं पाणी, हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब, तेलाने फेस कमी येतो. दुसऱ्या डब्यात एक वाटी तांदूळ धुऊन, आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल आणि मऊ भात आवडत असेल तर दोन वाट्या पाणी, कोलम असेल आणि जरा मोकळा हवा असेल तर दीड. आतल्या भांड्यात दीड कप पाणी, त्यात जाळीचा स्टँड, त्यावर डाळीचा डबा, त्यावर झाकणी, वर भाताचा डबा, त्यावरही झाकणी. भाताच्या डब्यावर झाकणी नसेल तर झाकणाचं पाणी टपकून वरचा भात चिकट होतो.

हाय, १० मिनिटं. झाल्यावर दहा मिनिटं पडू द्या. बऱ्याच कुकरमध्ये शिजून झालं की स्क्रीन शून्यापासून वर मोजायला लागतो, तिथे १० दिसलं की समजायचं. तरी पिन वर असेल तर उरलेली वाफ सोडा. लगेच सोडायची नाही, डाळीचा फेस वाफेबरोबर कळीतून वर उडतो. आमच्या छतावर हळदीचे सहा पिवळे ठिपके आहेत, रंग दिला तरी दिसतात.

डाळ घोटा, मीठ, किंचित गूळ, वर तूप, लिंबू. झालं वरण. बासमती मोकळा हवा असेल तर तो डाळीबरोबर लावू नका, दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. तो थेट आतल्या भांड्यात, धुतलेल्या वाटीला सव्वा वाटी पाणी, ४ मिनिटं, दहा मिनिटं पडू द्यायचा आणि लगेच काढायचा. शिजल्यावर कुकर स्वतःहून 'कीप वॉर्म'वर जातो, त्यात तासभर भात राहिला तर तळ पिवळा आणि कडक, म्हणून मी ते बंदच ठेवतो.

आमटी आणि डाळ न शिजण्याची तक्रार

आमटी सगळी यातच करायची हौस असते सुरुवातीला, करा एकदा, मग माझ्यासारखे कढल्याकडे परत याल. सॉटेवर फोडणी होते पण भांड्याचा तळ मधे थोडा उंच असतो त्यामुळे चमचाभर तेल कडेला जाऊन बसतं आणि मोहरी त्याच्या मागे, मधे जिरं कोरडंच भाजतं. फोडणी कढल्यात गॅसवर करून वरून ओतणं सगळ्यात सोपं. गॅस नसलेल्यांनी सॉटे लावून स्क्रीनवर 'हॉट' येईपर्यंत थांबा आणि तेल दोन चमचे जास्त घ्या, दुसरा इलाज नाही.

चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावर. आंबट आधी घातलं की डाळीचा गर सैल होत नाही, ती कितीही वेळ ठेवा दाणा दाणा राहते. गूळही नंतरच, तो तळाला बसून करपतो. म्हणजे डाळ शिजवली, घोटली, मग सॉटे लावून चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, मीठ, कढीपत्ता, वरून फोडणी आणि पाच मिनिटं उकळी.

एवढं करूनही डाळ शिजत नाही असं असेल तर कुकरला दोष देण्याआधी पाणी बघा. ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर येतो किंवा बोअर आहे तिथे हे फार होतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते डाळीच्या पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि दाणा फुटत नाही. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले, तोपर्यंत वाण्याशी दोनदा भांडून झालं होतं की डाळ जुनी दिलीस. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या, फरक त्याच दिवशी दिसेल. डाळ खरंच जुनी असेल तर भिजवणं तासभर करा आणि १४ मिनिटं लावा.

उसळी

इथे नवीन माणूस दोन टोकांच्या चुका करतो, मोड आलेलं जास्त शिजवतो आणि छोले-राजमा कमी.

मटकीला मोड आले म्हणजे ती अर्धी तयार झाली. कांदा परतून, मसाला घालून, वाटीला पाऊण वाटी पाणी (तळाचा एक कप पुरा होतोय ना बघून), हाय २ मिनिटं, आणि झाल्या झाल्या सोडायची, पडू द्यायची नाही. पडू दिलीत तर त्या दहा मिनिटांत ती शिजतच राहते. मी पहिल्यांदा पाच मिनिटं लावली होती, मिसळीऐवजी मटकीची चटणी झाली, पावाला लावून खाल्ली. मोडाच्या मुगाला १ मिनिट बास. सोललेल्या डाळिंब्यांना पण २ आणि लगेच सोडा, इतक्या कष्टाने सोलल्यात, त्या अख्ख्या राहिल्या पाहिजेत.

छोले रात्रभर भिजवलेले, २५ मिनिटं आणि पूर्ण पडू द्यायचे. राजमा ३०. एप्रिल-मे मध्ये रात्रभर ओट्यावर भिजवलं की सकाळी वास येतो, फ्रीजमध्ये भिजवा. न भिजवता करता येतं म्हणतात ते खरंय, छोल्यांना ४५-५० मिनिटं लागतात, पण साल वेगळं आणि गर वेगळा असे होतात, अगदीच पाहुणे आले अचानक तरच.

राजम्याबाबत एक गंभीर. त्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते नीट उकळल्याशिवाय जात नाही आणि अर्धकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. प्रेशरला काही धोका नाही, पण याच कुकरमध्ये 'स्लो कुक' नावाचं बटण असतं, त्यावर कच्चा राजमा कधी लावू नका, तेवढ्या तापमानाला ते लेक्टिन जात नाही.

खिचडी, मसालेभात

आजारी माणूस घरात असेल, पाऊस असेल, कंटाळा असेल, कुकर घेतल्याचं सार्थक इथे होतं. पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सॉटेवर तूप-जिरं-हिंग-हळद, दोन मिनिटं परता, पाच वाट्या पाणी, मीठ, ८ मिनिटं, पडू द्या. उघडल्यावर पाणी वर दिसतं आणि वाटतं बिघडली, डावाने ढवळा, दोन मिनिटांत आळून येते.

मसालेभाताला पाणी मोजून. तांदूळ धुऊन निथळत ठेवा, सॉटेवर फोडणी, तोंडली उभी चिरून, मटार, गोडा मसाला, तांदूळ परता, वाटीला सव्वा वाटी गरम पाणी. आणि आता महत्त्वाचं, पाणी ओतल्यावर सपाट डावाने सगळा तळ खरवडून काढायचा. मग ५ मिनिटं, दहा मिनिटं पडू द्या. तोंडली कचकचीत आवडत असतील तर याच्यात करू नका, मऊ होतातच.

स्क्रीनवर 'बर्न' आलं

तळ का खरवडायचा ते सांगतो. परतताना कांदा-मसाला तळाला थोडा चिकटतो, त्यावर पाणी ओतलं तरी तो तिथेच राहतो, कुकरला कळतं की तळ प्रमाणाबाहेर तापतोय आणि तो स्वतःला बंद करून बर्न किंवा फूड बर्न दाखवतो. घाबरायचं कारण नाही, काही फुटत नाही. कॅन्सल दाबा, वाफ सोडा, उघडा, तळ खरवडा, अर्धी वाटी पाणी घाला, परत लावा. तळ काळाच झाला असेल तर मात्र वरचं दुसऱ्या भांड्यात काढा, भांडं घासा, मग पुढे.

बर्न येऊ नये म्हणून घट्ट गोष्टी, म्हणजे टोमॅटोची प्युरी, दाण्याचं कूट, वाटण, हे सगळ्यात शेवटी वरून घालायचं आणि ढवळायचं नाही. भरली वांगी मी यात दोनदा केली, दोन्ही वेळा दाण्याच्या कुटाने बर्न आलं, आता ती कढईतच.

बाकीचं भराभर

बटाटे मध्यम, अख्खे, स्टँडवर, खाली एक कप पाणी, १० मिनिटं, मोठे असले तर १३-१४. पाण्यात बुडवायचे नाहीत, मग ते पाणी पीत नाहीत आणि वड्याचं सारण चिकट होत नाही. अंडी पण तशीच स्टँडवर, ५ मिनिटं शिजवा, ५ पडू द्या, ५ गार पाण्यात, साल हातात येतं.

पुरणाची हरभरा डाळ दोन तास भिजवून, दुप्पट पाणी, १५ मिनिटं, पडू द्या, गाळून कट आमटीला काढा. गूळ घालून पुरण शिजवणं मात्र जाड बुडाच्या पातेल्यात, ते काम या कुकरचं नाही. चिकन हाडांसकट ८ मिनिटं, मटण २५ ते ३० आणि मटण कायम पडू द्यायचं, लगेच वाफ सोडली तर मांस दडदडीत होतं. चिकनला स्वतःचं पाणी सुटतं, रस्सा पातळ झाला तर झाकण काढून सॉटेवर आटवा.

इडली करताना कळ उघडी ठेवायची, प्रेशर नको, स्टीम लावून फोनवर १२ मिनिटांचा वेगळा टायमर. वेगळा अशासाठी की कळ उघडी असली की बऱ्याच कुकरचा स्वतःचा टायमर सुरूच होत नाही, आणि आपण तो बघत बसतो. डिसेंबर-जानेवारीत दही लागत नाही ती तक्रार योगर्टच्या बटणाने मिटते, कोमट दूध, विरजण, आठ तास.

उशिरा सुरू करायची सोय असते ना, ती भिजत घातलेल्या कडधान्याला छान. मांस, दूध घालून सहा-सात तास तसंच ठेवून द्यायला ती नाही.

गुरुवारी

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि ती अकराला वगैरे जाते, म्हणजे नेमकी कुकर लावल्यावर. तेव्हा झाकण उघडायच्या मागे लागू नका. पिन वर असेल तर आत उष्णता आहे, वीस मिनिटं तसाच ठेवा, भात आणि बटाटे बहुतेक वेळा त्यातच होऊन जातात. डाळ कच्ची राहिली तर गॅसवर डबा हलवा. लाइट आल्यावर मशीन जिथे थांबलं तिथून पुढे जाईलच असं धरू नका, स्क्रीन बघा. गुरुवारी सकाळी मी आता नऊच्या आत लावून टाकतो, त्या दिवशी पाणीही बंद असलं की भांडी घासायचा प्रश्न असतोच.

धुणं आणि रिंग

बाहेरचा भाग नळाखाली धरायचा नाही, कधीच नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आतलं भांडं कसंही घासा. त्यावर निळे-जांभळे डाग येतात किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे, दोन्हीला लिंबाची फोड किंवा व्हिनेगर. झाकणाच्या आत कळीखाली जाळीची छोटी टोपी असते ती आठवड्यातून एकदा काढून धुवा, तिच्यात डाळीचा फेस वाळून बसतो आणि वाफेची वाट अडते. मागच्या बाजूला पाणी साठायची एक प्लास्टिकची डबी असते, तिचा शोध बहुतेकांना तीन महिन्यांनी लागतो, वासावरून.

रिंग रोज काढून धुवा आणि झाकण उलटं ठेवून वाळवा. सिलिकॉन वास धरून ठेवतं, घासून जात नाही, उन्हात ठेवलं तर थोडा कमी होतो एवढंच. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन रिंगा घ्या. आम्ही घेतल्या नव्हत्या. पहिल्याच वर्षी गणपतीत उकडीचे मोदक या कुकरमध्ये वाफवले, त्याच्या आदल्या रविवारी मटण झालं होतं, झाकण उघडल्यावर केशर-वेलदोड्याच्या आधी दुसराच वास आला. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि नैवेद्याला परत पातेल्यावर चाळण ठेवून अकरा मोदक नव्याने केले. आता दुसरी रिंग आहे, ती देवघराखालच्या कपाटात असते आणि मला ती मागून घ्यावी लागते.